रुग्णाची नोंद कोणाच्या हाती?

जुलै 2022 मध्ये महाराष्ट्रातील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत संगणकावरील नोंदी थांबल्या. यंत्रे बिघडली नव्हती. सेवा पुरविणारी कंपनी आणि शासन यांच्यात देयकांवरून वाद जुंपला होता. केसपेपर पुन्हा हाताने लिहिले जाऊ लागले. एवढा गोंधळ एका थकलेल्या बिलापायी होऊ शकतो, तर रुग्णाच्या आजाराचा इतिहास नेमका कोणाच्या ताब्यात असतो, हे विचारणे भाग आहे.

छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारी नावाचे खेडे आहे. तेथील जन स्वास्थ्य सहयोग संस्थेच्या रुग्णालयासाठी दशकभरापूर्वी ‘बहमनी’ ही संगणकप्रणाली घडविण्यात आली. (इतिहासाच्या शिक्षकांना गुलबर्ग्याचे सुलतान आठवतील, त्यांचा येथे काही संबंध नाही.) ती मुक्तस्रोत आहे, म्हणजे तिची मूळ आज्ञावली कोणासही पाहता, वापरता आणि बदलता येते. रुग्णनोंदीसाठी तिने ‘ओपनएमआरएस’चा आधार घेतला. केनियातील एल्डोरेट येथील एचआयव्हीबाधितांच्या उपचारांच्या गरजेतून 2004 मध्ये आकारास आलेली ही प्रणाली. प्रयोगशाळा आणि बिले यांसाठीही तयार मुक्त प्रणालीच जोडण्यात आल्या. रुग्णालयातच ठेवलेल्या संगणकावर ती चालू शकते. बाहेरचे इंटरनेट गेले म्हणून तपासणी खोळंबत नाही.

मात्र ‘फुकट मिळते’ एवढ्यावरच भाळून निवड करणारे रुग्णालय फसण्याचीच शक्यता अधिक. परवान्याचे पैसे वाचतात, सांभाळण्याचे वाचत नाहीत. खरे कष्ट शब्दकोशाचे असतात. प्रत्येक लक्षण, चाचणी आणि औषध यांना प्रणालीत एकच ठरावीक संज्ञा द्यावी लागते. एक डॉक्टर ‘टीबी’ लिहितो, दुसरा ‘क्षय’, तिसरा ‘कॉक्स’. माणसाला हे उमगते, संगणकाच्या लेखी मात्र ते तीन निरनिराळे आजार ठरतात आणि वर्षअखेरीस क्षयरुग्णांचा आकडा चुकतो. हा कोश बसविताना डॉक्टरांइतकेच खिडकीवरच्या कारकुनाला आणि परिचारिकेला विचारावे लागते, कारण दिवसभर त्या पडद्याशी झुंजायचे असते ते त्यांनाच. आपल्याकडील खरेदी समित्यांत ही माणसे सहसा नसतात, हे नवल नव्हे. खेदाचे मात्र आहे.

आरंभही एकाच विभागापासून करावा. सर्व विभागांत एकाच सोमवारी उद्घाटन करण्याचा मोह मंत्र्यांच्या सोयीचा असतो, रुग्णांच्या नव्हे.

आणि करारावर सही करण्याआधी पुरवठादारास एकच प्रात्यक्षिक करावयास सांगावे: नोंदींची प्रत काढून ती तुमच्या मदतीशिवाय दुसऱ्या यंत्रावर, आमच्याच कर्मचाऱ्याकडून, उघडून दाखवा. मुक्त आज्ञावलीतही हे आपोआप घडत नाही. तेथे ते शिकून घेण्याची मुभा असते, इतकेच. ती मुभा वापरणारा एक तरी पगारी माणूस रुग्णालयाच्या आस्थापनेवर आहे काय, हे निविदा काढण्यापूर्वी तपासावे.