मुलाचे ताट आणि पालकांचा मोबाईल

लहान मुलांच्या आहाराविषयी घरोघरी दोन तक्रारी ऐकू येतात. ‘आमचे मूल काहीच खात नाही’ ही पहिली. आणि ‘भाजीला तोंड लावत नाही, फरसाण मात्र मागून घेते’ ही दुसरी. दोन्हींवर अलीकडे सर्रास योजला जाणारा उपाय म्हणजे मोबाईल. पडद्यावर गाणी लावायची आणि मुलाचे लक्ष तिकडे गुंतले की घास भरवायचा. पोट भरते, परंतु आपण काय खाल्ले, किती खाल्ले, भूक केव्हा भागली, याची जाणीव मुलाला होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाकाठी एक तास ही कमाल मर्यादा असावी. भरवताना मोबाईल लावणाऱ्या घरांत ही मर्यादा दुपारच्या जेवणापर्यंतच संपून जाते.

असे असताना त्याच मोबाईलच्या साहाय्याने मुलांना चांगल्या आहाराकडे वळवता येईल, हे विधान विसंगत वाटेल. परंतु एक भेद लक्षात घेतला की विसंगती उरत नाही. मोबाईल मुलाच्या हाती द्यावयाचा नसून पालकांनी स्वतःसाठी वापरावयाचा आहे. स्वीडनमध्ये याच विचाराने झालेले प्रयत्न आपल्यालाही पुष्कळ शिकवणारे आहेत.

स्वीडनमधील अनुभव

तेथील संशोधकांनी ‘मिनिस्टॉप’ नावाचे ॲप तयार केले. लहान वयातील लठ्ठपणाला आळा घालणे हा त्याचा हेतू. मुलांना गुंतवणारे खेळ किंवा चित्रफिती त्यात नव्हत्या. पालकांना ठरावीक काळाने आहार, हालचाल, झोप अशा एकेका विषयाची माहिती मिळे. फळे, भाज्या, गोड पदार्थ, गोड पेये आणि पडद्यासमोरचा वेळ यांची नोंद पालकांनी करावयाची आणि त्या नोंदींवर त्यांना अभिप्राय मिळावयाचा, अशी ही योजना होती.

पहिल्या चाचणीत साडेचार वर्षांच्या आसपासची ३१५ मुले होती. निम्म्या कुटुंबांना सहा महिने ॲप दिले गेले, तर उरलेल्यांना छापील माहितीपत्रक. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मुलांच्या शरीरातील चरबीच्या प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नाही. मात्र आहार आणि हालचाल यांचा एकत्रित विचार करता ॲप वापरणाऱ्या कुटुंबांची प्रगती अधिक दिसली. वापर थांबल्यानंतर काही महिन्यांनी पुन्हा पाहणी केली, तेव्हा हा लाभ टिकलेला नव्हता.

पुढे याच ॲपची सुधारित आवृत्ती बालआरोग्य केंद्रांतील परिचारिकांमार्फत अडीच ते तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना देण्यात आली. चाचणीत ५५२ कुटुंबे होती. बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांचा विचार करून ॲप स्वीडिश आणि इंग्रजीबरोबर अरबी व सोमाली भाषांतही उपलब्ध केले होते. सहा महिन्यांनंतर मुलांचे गोड-खारे खाऊ खाणे कमी झाले, गोड पेये कमी झाली, पडद्यासमोरचा वेळ थोडा घटला आणि ‘आपण मुलाच्या सवयी बदलू शकतो’ हा पालकांचा आत्मविश्वास वाढला. परंतु फळे-भाज्या खाण्याचे प्रमाण मात्र वाढले नाही.

या निष्कर्षात एक मर्म दडलेले आहे. जे बदलले, ते सारे पालकांच्या अधिकारातले होते. घरात काय आणावयाचे, डब्यातून काय काढून द्यावयाचे, दूरदर्शन संच केव्हा बंद करावयाचा, हे मोठी माणसे ठरवतात. भाजी गिळावयाची की नाही, हे मात्र मूल ठरवते. अमेरिकेतील आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी हीच वाटणी नेमक्या शब्दांत मांडली आहे : काय, केव्हा आणि कोठे वाढावयाचे हे पालकांचे काम, खावयाचे की नाही आणि किती, हे मुलाचे. पालकांनी आपला वाटा नीट सांभाळावा, यासाठी ॲप साहाय्य करते. मुलाचा वाटा त्याला पार पाडता येत नाही.

नोंदीचे सामर्थ्य

व्यापारी घरांना नोंदीचे महत्त्व वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. रोजमेळ लिहिला नाही तर दिवसभराची विक्री चांगली झाल्याचा केवळ भास होतो. गल्ल्यातील रक्कम वेगळेच सांगते. मुलाच्या आहाराचेही तसेच आहे, आणि एकत्र कुटुंबात तर अधिकच. सकाळी आजी मायेने एक पेढा देते. दुकानात जाऊन बसले की काका बिस्किटाचा पुडा फोडतात. ओळखीचे ग्राहक चॉकलेट हातावर ठेवतात. रात्री दुकान बंद करून येताना वडील काहीतरी गोड घेऊन येतात. प्रत्येकाने थोडेसेच दिलेले असते आणि प्रत्येकाचे म्हणणे खरे असते. मात्र एकूण बेरीज कोणाजवळच नसते. मग जेवणाच्या वेळी मूल मान फिरवते आणि ‘हे काही खातच नाही’ असा शिक्का त्याच्यावर बसतो.

ही बेरीज समोर आणणे, हा ॲपचा सर्वांत मोठा उपयोग. तिच्यामुळे कोणावर दोष येत नाही. ‘तुम्ही लाड करता’ असे सासूबाईंना सांगणे सुनेला अवघड जाते; पण आठवड्याची नोंद सर्वांसमोर ठेवली की ती आजींनाही पटते आणि पुष्कळदा पेढ्याच्या जागी केळे देण्याची सूचना त्याच करतात.

यासाठी दोन आठवडे पाचच गोष्टी टिपाव्यात : गोड पदार्थ, गोड पेये, तळलेले व फरसाण, भाजी-फळे आणि पडद्यासमोरचा वेळ. नंतर त्यांतील एकच गोष्ट निवडून बदलावी. सारे एकदम बदलू पाहणारे घर आठ दिवसांत जुन्या वाटेवर येते. स्वीडनमधील लाभ नोंद थांबताच ओसरला, हे ध्यानी ठेवून दर दोन-तीन महिन्यांनी एखादा आठवडा पुन्हा नोंद करावी. ॲप न जमल्यास साधी वहीसुद्धा हे काम करील.

भाजीची ओळख

भाजीसाठी मार्ग निराळा आहे. नवी चव मुलाला पहिल्याच वेळी आवडावी, ही अपेक्षा अनाठायी असते. आठ-दहा, कधी पंधरा वेळा तीच भाजी बोटभर चाखावयास मिळाली की नकार हळूहळू मावळतो. अट एवढीच की जबरदस्ती नको आणि ‘भाजी खा, मग आइस्क्रीम देते’ असा सौदाही नको. अशा सौद्यातून भाजी ही शिक्षा आणि गोड हे बक्षीस, एवढेच मूल शिकते.

इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाच्या ‘सी अँड ईट’ या उपक्रमात भाज्यांची चित्रपुस्तके पालकांच्या मोबाईलवर उपलब्ध करून दिली. भाजी शेतात कशी उगवते, बाजारात कशी येते, चिरल्यावर कशी दिसते, हे आई-वडिलांनी मुलाला मांडीवर घेऊन दाखवावयाचे आणि मग तीच भाजी ताटात वाढावयाची. पाहून परिचित झालेली भाजी चाखण्यास मूल अधिक राजी होते. मंडईत नेऊन दोडका, तोंडली, पडवळ हाती देणे हाही त्याचाच देशी प्रकार होय.

आपले स्वयंपाकघर

परदेशी ॲपमधील याद्या जशाच्या तशा घेता येत नाहीत. गाजर, बीट, बटाटा, अंडी यांच्याभोवती फिरणारा सल्ला आपल्या घरात निरुपयोगी ठरतो. गाजराच्या जागी लाल भोपळा, पपई, आंबा चालतो. प्रथिने आणि लोह यांसाठी डाळी, मूग-मटकीच्या उसळी, राजगिरा, नाचणी, तीळ आहेत. वर लिंबू पिळले की लोह अंगी लागण्यास मदत होते. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य असणाऱ्या घरांनी तर याकडे विशेष लक्ष द्यावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) भारतात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. म्हणजे वजन भरपूर असलेले मूलही पोषणाच्या बाबतीत रिते असू शकते. जेवणासोबत दिलेला चहा लोहाच्या शोषणात अडथळा आणतो, तो लहानांना देऊच नये.

सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम असलेल्या घरांत पाच वाजताचा खाऊ हाच सायंकाळच्या जेवणाचा वैरी ठरतो. शाळेतून आल्याबरोबर मुलाला खाऊऐवजी थेट जेवणच वाढले, तर अर्धी तक्रार तेथेच मिटते.

भारतीय पदार्थांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने ‘न्यूट्रिफाय इंडिया नाऊ’ हे ॲप काढले. आपल्याकडील पदार्थांतून काय पोषण मिळते, हे त्यावरून कळते. अन्य ॲप घेताना मात्र व्यापाऱ्याची दृष्टी ठेवावी : माल फुकट मिळतो, तेव्हा त्याची किंमत कोण चुकवते? खाऊच्या जाहिराती दाखवणारे किंवा मुलाचे नाव, छायाचित्र, जन्मतारीख मागणारे ॲप टाळावे. लहान मुलाला वजन कमी करण्याचे लक्ष्य देणारे ॲप तर सर्वस्वी वर्ज्य समजावे. वाढीविषयी शंका असल्यास बालरोगतज्ज्ञांनाच विचारावे.

नोंद करून झाली की मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि सर्वांनी मुलासोबत पानावर बसावे. वडील दुधी भोपळ्याची भाजी आवडीने खाताना दिसले, तर कोणत्याही ॲपपेक्षा मुलावर त्याचा परिणाम अधिक होतो.