घरातील जलव्यवस्था – लेखांक ७ : दोन मुठींच्या मिक्सरची गळती

मागील लेखांकात गच्चीवरील टाकीपासून न्हाणीघरापर्यंत येणाऱ्या नळवाहिनीचा विचार झाला. त्या वाहिनीच्या शेवटी भिंतीवर बसवलेला, गरम व गार पाण्यासाठी दोन स्वतंत्र मुठी असलेला वॉल मिक्सर हा या लेखांकाचा विषय आहे. शॉवर बंद केल्यावरही थेंब पडत राहिले की बहुतेक घरांत मूठ अधिक जोराने आवळली जाते. परंतु साधी दुरुस्ती महागड्या दुरुस्तीत बदलते ती बहुधा याच सवयीमुळे.

जी मूठ पूर्ण उघडण्यासाठी अनेक फेरे फिरवावी लागते, तिच्या आत स्पिंडल, म्हणजे आटे पाडलेला पितळी दांडा असतो, आणि त्याच्या टोकाला रबराचा वायसर बसवलेला असतो. मूठ बंद करताना हा वायसर नळाच्या आतील गोल पितळी काठावर, म्हणजे बैठकीवर, दाबला जातो आणि पाण्याची वाट अडते. ही रचना इंग्लंडमधील रॉदरहॅम येथील गेस्ट अँड क्राइम्स या पितळ ओतकाम करणाऱ्या कारखान्याने 1845 साली प्रचारात आणली आणि तिचे मूळ तत्त्व आजही बदललेले नाही. गरम पाण्याच्या बाजूचा वायसर लवकर कडक होतो, शिवाय पाणी तापल्यावर त्यातील क्षार अधिक प्रमाणात बाहेर पडून बैठकीवर साचतात. म्हणून बोअरचे जड पाणी वापरणाऱ्या घरांत बहुधा हीच बाजू आधी गळू लागते. कडक झालेला वायसर जोराने आवळला की त्यावर बैठकीच्या काठाची खाच उमटते, त्या खाचेतून निसटणारी पाण्याची बारीक धार वाळूच्या कणांसह पितळ झिजवते, आणि मग नवा वायसर घातला तरी नळ पुरता बंद होत नाही.

पडणारा थेंब ही खरोखर गळती आहे का, हे आधी ठरवावे लागते, कारण शॉवरच्या उभ्या नळीत उरलेले पाणी बंद केल्यानंतरही काही मिनिटे ठिबकत राहते. अर्ध्या तासानंतरही ठरावीक अंतराने थेंब पडत असतील तर ती गळतीच होय. एका मिलिलिटरला वीस थेंब धरले, तर दर सेकंदाला पडणाऱ्या एका थेंबाने दिवसाला चार लिटरहून अधिक पाणी वाया जाते. दोषी बाजू कोणती, हे समजण्यासाठी गिझरचे बटण बंद करून त्यात गार पाणी आणणारा कॉक बंद करावा. साठवणीच्या गिझरमधील गरम पाणी आत येणाऱ्या गार पाण्याच्या रेट्यानेच बाहेर पडत असल्यामुळे, एवढ्याने ठिबकणे थांबले तर दोष गरम बाजूच्या वायसरमध्ये आहे, असे निश्चित म्हणता येते. दोन मुठींच्या मिक्सरचा हा मोठा लाभ आहे. एकाच दांड्याच्या मिक्सरमध्ये मात्र दोन्ही पाण्यांची अडवणूक एकाच कार्ट्रिजमध्ये, म्हणजे झडप सामावलेल्या एका सुट्या भागात, होते.

दुरुस्तीपूर्वी पाणी मुख्य कॉकपासून बंद करून दोन्ही मुठी उघडून ठेवाव्यात आणि मोरीच्या जाळीवर फडके पसरावे, कारण मुठीचा लहान स्क्रू हटकून तिथेच पडतो. मूठ काढल्यावर स्पिंडल थोडा उघडा ठेवूनच त्याचा नट पान्याने सैल करावा. पूर्ण आवळलेल्या अवस्थेत तो काढल्यास वायसर बैठकीवर रगडला जातो. नवा वायसर जुन्याच मापाचा असावा. बोटाचे टोक बैठकीवरून फिरवताना खरखर जाणवली तर प्लंबरकडील कटरने ती सपाट करून घ्यावी. या पायरीकडे दुर्लक्ष झाल्यास बाकीचे सारे श्रम काही आठवड्यांत वाया जातात. नव्या वायसरला खाद्यतेल किंवा पेट्रोलियम जेली लावू नये, कारण तेलाने अनेक प्रकारचे रबर फुगते. सिलिकॉन ग्रीस योग्य ठरते.

पाणी चालू असतानाच मुठीच्या बुडाशी झिरपत असेल, तर दोष वायसरचा नसून ग्लँडचा, म्हणजे स्पिंडलभोवतालच्या भरणाचा असतो. तेथील नट किंचित आवळून पाहावा, आणि गळती न थांबल्यास आतील दोरा किंवा रबरी कडे बदलावे. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या मुठीत वायसर नसतोच. तेथे सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात आणि त्यांना ओरखडा पडल्यास संपूर्ण कार्ट्रिज बदलावे लागते. गरम व गार बाजूंची कार्ट्रिजे काही मिक्सरमध्ये उलट दिशांना फिरतात, त्यामुळे जुना नग दुकानात सोबत नेणेच शहाणपणाचे.

सर्वांत फसवी गळती भिंतीच्या आतली. मिक्सरच्या वरची नळी केवळ शॉवर चालू असताना भरते, म्हणून स्नानानंतर वाढणारी आणि पुढे हळूहळू सुकणारी ओल तिच्या सांध्याकडे बोट दाखवते. तेथे सांधा उघडून टेफ्लॉन टेप नव्याने गुंडाळणे बहुधा पुरते. न्हाणीघर दिवसभर वापरले नाही तरी ओल तशीच राहत असेल, तर संशय सदैव पाण्याच्या दाबाखाली असलेल्या गरम वा गार वाहिनीवर घ्यावा आणि टाइल फोडण्यापूर्वी ती वाहिनी रात्रभर कॉकपासून बंद ठेवून भिंतीत फरक पडतो का, ते पाहावे.