मावळतीचे ग्रहण: जागा आणि डोळे

१२ ऑगस्ट २०२६ रोजी उत्तर स्पेनमधून खग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. भारतात तेव्हा रात्र असेल. पण युरोपात राहणारे किंवा त्या सुमारास तिकडे जाणारे आपले नातेवाईक असतील, तर त्यांना ही माहिती जरूर कळवा.

हे ग्रहण मावळतीचे आहे. खग्रास अवस्था तिथल्या घड्याळात रात्री साडेआठच्या सुमारास येते. त्या वेळी आ कोरुन्या येथे सूर्य क्षितिजापासून सुमारे १२ अंश वर असेल, तर मायोर्का बेटावरील पाल्मात जेमतेम अडीच अंश. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश झाकते, करंगळी १ अंश. म्हणजे पाल्मात लहानशी टेकडी किंवा इमारत आड आली, तरी ग्रहण हुकले!

जागा निवडायचा सोपा उपाय म्हणजे आदल्या संध्याकाळी त्याच वेळी तिथे जाऊन उभे राहणे. दुसऱ्या दिवशीही सूर्य जवळपास तिथेच असेल. पश्चिमेकडून थोडी वायव्येला कललेली बाजू मोकळी हवी. माद्रिद आणि बार्सिलोना ही शहरे खग्रास पट्ट्याच्या किंचित बाहेर आहेत, हेही ध्यानात ठेवा.

आता डोळ्यांचे. मावळता सूर्य लालसर, सौम्य दिसतो. डोळे दिपत नाहीत, म्हणून माणूस टक लावून बघतो. धोका इथेच आहे. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. इजा झाल्याचे काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी लक्षात येते: नजरेच्या मधोमध डाग दिसतो, अक्षरे वाकडी दिसतात. काहींची नजर काही महिन्यांत सुधारते, काहींचा डाग कायम राहतो. खात्रीचा उपचार नाही.

म्हणून आयएसओ १२३१२-२ मानकाचा, चरा न पडलेला ग्रहण-चष्माच वापरा. गॉगल, एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच चालणार नाही. ग्रहण-चष्मा लावून दुर्बिणीतून मुळीच पाहू नका. फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या भिंगावर लागतो. चष्मा काढायचा तो फक्त सूर्य पूर्ण झाकलेला असताना. ओव्हिएदोत हा काळ पावणेदोन मिनिटांच्या आसपास आहे. प्रकाशाचा पहिला ठिपका दिसताच चष्मा परत डोळ्यांवर. खंडग्रास दिसेल तिथे तो क्षणभरही काढू नये.

मुलांच्या शेजारी एक मोठा माणूस हवाच. दुसऱ्या दिवशी अंधूक दिसू लागले, तर घरगुती थेंब न घालता थेट नेत्रतज्ज्ञाकडे जावे.