बंदीत बोटीसोबत शरीरही तपासून घेऊया



मासेमारी बंदी लागली. ट्रॉलर किनाऱ्याला आले, जाळी सांधायला काढली, इंजिनांची कामं निघाली. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत बोटीची डागडुजी आपण कधी चुकवत नाही. यंदा शरीराकडेही बघूया, असं आम्ही म्हणतोय. त्याला कारण आहे.

गेल्या हंगामात आपल्यातल्या एका तांडेलाच्या पायात माशाचा काटा घुसला. त्यांना कळलंच नाही, कारण पाय बधिर झाला होता. जखम चिघळल्यावर दवाखाना गाठला, तेव्हा कळलं की साखर फार वाढलीय. पाय वाचला, पण अर्धा हंगाम गेला.

ही एकट्याची गोष्ट नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत मधुमेहाचं सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात आढळलं, २६.४ टक्के. देशाचं प्रमाण ११.४ टक्के.

आपण तर कष्टाची माणसं, मग साखर का वाढते? बोटीचा बर्फाचा खण आठवा. माल आला की खणात जातो. खण भरला तरी माल येतच राहिला, तर तो डेकवर पडून नासतो. शरीरातही तसंच. खाल्लेल्या अन्नाची साखर रक्तात येते आणि इन्शुलिन हे हार्मोन तिला स्नायूंत, यकृतात पोचवतं. रोज गरजेपेक्षा जास्त आली की यकृत तिची चरबी करतं. चहातल्या साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज असतो, तो बहुतेक थेट यकृतातच जातो. चरबी साठली की शरीर इन्शुलिनला जुमानत नाही. मग स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडतं. वाढलेलं इन्शुलिन मूत्रपिंडांना मीठ धरून ठेवायला लावतं, त्याने रक्तदाबही चढतो.

पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणारं हार्मोन म्हणजे लेप्टिन. चरबी वाढली की मेंदू त्याचंही ऐकेनासा होतो. त्यात रात्रीची जागरणं. झोप कमी झाली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं आणि गोड खावंसं वाटतं.

आता हिशेब करा. दोन चमचे साखरेचे सात चहा म्हणजे सुमारे ७० ग्रॅम साखर. वर कोल्ड्रिंकची एक छोटी बाटली, आणखी ३० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असली तर उत्तम. गूळ घातला म्हणून सुटका नाही, तोही याच हिशेबात येतो.

पुढच्या पाचांपैकी तीन गोष्टी असल्या तर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात:
• कंबर: पुरुष ९० सेंमी, बायका ८० सेंमी किंवा जास्त
• रक्तदाब १३०/८५ किंवा जास्त
• उपाशीपोटी साखर १०० किंवा जास्त
• ट्रायग्लिसराइड्स १५० किंवा जास्त
• चांगलं कोलेस्टेरॉल (एचडीएल): पुरुषांत ४० पेक्षा, बायकांत ५० पेक्षा कमी

ज्यांची गोळी आधीच सुरू आहे, त्यांचीही यात गणती होते.

काय करायचं? चहात दोनाचा एक चमचा करा, मग अर्धा. बोटीवर कोल्ड्रिंकऐवजी पाणी, ताक न्या. बंदीत हालचाल कमी होते, तेव्हा भाताचा वाढाही कमी करा आणि रोज अर्धा तास चाला. बांगडे, तारले खुशाल खा, पण तळून नको, हुमणातले बरे.

एक मात्र ध्यानात ठेवा. जे मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेतात, त्यांनी समुद्रावर उपाशी राहू नये. अंग थरथरलं, घाम फुटला, डोकं गरगरलं तर लगेच साखर खावी. त्या वेळी साखर हेच औषध. बोटीवर एक पुडी असू द्या.

जवळच्या आरोग्य केंद्रात उपाशीपोटी जाऊन साखर आणि रक्तदाब तपासून या. घरच्या बायकांनाही सोबत न्या, त्या स्वतःहून जात नाहीत. १ ऑगस्टला बोट पाण्यात जाईल, तेव्हा तांडेलही धडधाकट हवा.

आपल्या खलाशांपर्यंत ही माहिती नक्की पोचवा.