पाथरीचे कुलकर्णी आणि अहमदनगरची निजामशाही

मूळ गाव शोधताय? मग पाथरीची ही गोष्ट वाचाच!

अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते, असं इतिहासकार फेरिश्ता सांगतो. घराणं विजयनगरकडे गेलं. तिथे बहमनी फौजेच्या हाती लागलेला तिमाभट पुढे मलिक हसन झाला. त्याच्या मुलाने, अहमदशहाने, 1490 साली स्वतंत्र राज्य उभारलं. मलिक हसनचा नातू बुऱ्हाणशहा तर पूर्वजांच्या पाथरीसाठी वऱ्हाडच्या इमादशाहीशी लढला!

मूळ गाव शोधायला आपल्याला लढाई नको, कागद पुरेत:
📌 तहसीलमधली खासरा पत्रकं
📌 हैदराबादच्या निजामाच्या काळातल्या उर्दू-मोडी नोंदी
📌 नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या

पण पहिली नोंद घरातच आहे. आजीला आजच विचारा, कुलदैवत कुठलं आणि तिचं माहेर कुठलं. ऐकलेलं लगेच वहीत उतरवा.