जखम लहान, वेदना मोठी

पायात काटा मोडला वा भाजी चिरताना बोट कापले, तर आपण हळद दाबतो, पट्टी बांधतो आणि कामाला लागतो. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतेही. परंतु क्वचित अशाच क्षुल्लक जखमेतून शिरलेले जंतू त्वचेखाली, स्नायूंवरील आवरणाच्या कडेकडेने पसरत जातात आणि तेथील मांस कुजवितात. या रोगाला ‘नेक्रोटायझिंग फॅसायटिस’ म्हणतात. हे नाव १९५२ सालचे; रोग मात्र पुरातन. प्राचीन ग्रीक वैद्य हिपॉक्रॅटिसच्या नावावरील ग्रंथांतही याच्याशी जुळणारे वर्णन आढळते. १९२४ साली पेकिंग येथे मेलेनी या शल्यचिकित्सकाने अशा रुग्णांत स्ट्रेप्टोकोकस जंतू असल्याचे दाखविले. अन्य जंतूंमुळे किंवा अनेक जंतू एकत्र आल्यानेही हा रोग होतो.

या रोगाची लबाडी अशी, की आत आग लागलेली असताना वरची कातडी प्रारंभी जवळजवळ निरोगी दिसते. म्हणून डोळ्यांपेक्षा वेदनेवर विश्वास ठेवावा. जखम दिसते त्याच्या मानाने दुखणे असह्य असेल, सूज लालीच्या पलीकडे गेली असेल, ताप व ग्लानी असेल, तर रात्र सरण्याची वाट न पाहता मोठे रुग्णालय गाठावे. कातडी जांभळी पडणे, फोड येणे ही पुढची लक्षणे. त्यानंतर मज्जातंतू मरतात व दुखणे थांबते. घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात, आणि तोच क्षण सर्वांत घातक असतो.

नुसत्या औषधाने हा रोग हटत नाही. रक्तवाहिन्या गोठल्यामुळे प्रतिजैविके मृत मांसापर्यंत पोहोचतच नाहीत. ते मांस शस्त्रक्रियेने तातडीने काढावेच लागते. कॅनडातील क्वेबेकचे नेते ल्यूसिअँ बुशार यांचा पाय १९९४ च्या डिसेंबरात या रोगापायी कापावा लागला; पण प्राण वाचले आणि १९९६ साली ते त्या प्रांताचे प्रमुख झाले.

मधुमेही माणसांना धोका अधिक. त्यांच्या पायांची संवेदना बोथट झालेली असल्यास दुखण्याची सूचनाही मिळत नाही. त्यांची पावले रोज पाहावीत. धनुर्वाताची सुई घेतली म्हणून या जंतूंपासून संरक्षण मिळत नाही, हेही ध्यानी असावे.

आपल्या घरांत सोसणे हा सद्गुण मानला जातो. ‘एवढ्याशा खरचटण्याचे काय कौतुक!’ असे म्हणून आजी कण्हणेही गिळते. आमची विनंती इतकीच, की न कण्हणारे माणूस कण्हू लागले, तर जखमेचा आकार मोजत बसू नये.