गुरांची लाळ : तोंडात हात घालण्यापूर्वी

गाय दिवसाकाठी सात-आठ तास रवंथ करते आणि त्यात सुमारे १०० लिटर लाळ पोटात जाते. लाळेतील क्षारांनी पोटातील आम्लता आटोक्यात राहते. म्हणून रवंथ थांबले की पोट बिघडले असे समजून आपण नळकांड्याने काढा पाजू लागतो. आमचे सांगणे असे की, आधी लाळ गळते का ते पाहावे.

जिभेवर फोड व खुरांच्या बेचक्यात जखमा असल्यास ती बहुधा लाळखुरकूत. तेथे भूक असते, चावता येत नाही. मऊ चारा द्यावा. घशात आंब्याची कोय अडकली तर ढेकर कोंडून डावी कूस फुगते. अशा वेळी पाजलेला काढा फुप्फुसात उतरून जनावर दगावू शकते.

परंतु पिसाळलेला कुत्रा चावलेली गायही अशीच लाळ गाळते. तिला गिळता येत नाही, हंबरणे घोगरे होते. चावा कित्येक आठवड्यांपूर्वीचा, विसरलेलाही असतो. कोय शोधण्यासाठी घरचा माणूस भाबडेपणाने घशात हात घालतो, हे फार वाईट! शंका असल्यास पशुवैद्य येईपर्यंत गाय वेगळी बांधावी. हात घातलाच असेल तर तो साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी.